ॲल्युमिनियम कोणते, हे बिलावर लिहा

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील वेल्डिंगच्या धंद्याचा चेहरा बदलला आहे. पेणपासून हमरापूर, जिते आणि पुढे खारपाड्यापर्यंत महामार्गाच्या कडेला जी छोटी वर्कशॉप आहेत, तेथे पूर्वी केवळ लोखंडाचे काम चालत असे. ग्रिल, गेट, शटर, शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली. आता त्याच वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक येऊन गॅलरीची रेलिंग, टेम्पोची बॉडी, दुकानाची शिडी, पाण्याची टाकी ॲल्युमिनियमची मागतो. कारण उघड आहे. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, रंगाचा खर्च वारंवार करावा लागतो, आणि ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या एक तृतीयांश. आपल्या तरुणांनी कर्ज काढून आर्गनची मशीन घेतल्या, हात बसवला, कामे मिळवली. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या सर्व व्यवहारात एक साधा सवाल कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, फॅब्रिकेटर विचारत नाही आणि माल विकणारा दुकानदार आपण होऊन सांगत नाही. तो सवाल म्हणजे, हे ॲल्युमिनियम कोणते?

कापडवाल्याने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की हा सवाल मुळात कापडवाल्याचाच आहे. पांढरे कापड दुरून सगळे सारखे दिसते. मांजरपाट, पॉपलीन, मलमल, टेरीकॉट. पण शर्टाच्या कापडाची गादीची खोळ कोणी शिवत नाही आणि टेरीकॉटवर कडक इस्त्री फिरवली तर काय होते, हे घरातील मुलीसही ठाऊक असते. सुताचा नंबर, ताण्या-बाण्याची संख्या, कॉटन किती आणि पॉलिस्टर किती, हे विचारल्याशिवाय आम्ही तागा उचलत नाही. शंका आली तर दोन धागे ओढून काडी लावतो. कॉटन कागदासारखे जळते व राख होते, पॉलिस्टर वितळून मणी बनते. १९८८ साली सरकारने ग्राहक संरक्षणाचा नियम करून गिरण्यांना कापडावरच त्यातील धाग्यांचे प्रमाण छापणे बंधनकारक केले. तेव्हा बाजारात पुष्कळ कुरकुर झाली होती, पण त्या छापाने भांडणे कमी झाली, वाढली नाहीत. ज्या बारवर माणसाचे वजन उभे राहणार आहे, तो बार मात्र आजही किरकोळ बाजारात नावागावाशिवाय किलोवर विकला जातो. बिलावर लिहिलेले असते, "ॲल्युमिनियम बार, अमुक किलो". बस.

आमच्या उर्दू शाळेत मिश्रधातूला "भरत" म्हणत. मराठीत संमिश्र म्हणतात. बाजारी भाषेत त्याला मिलावट म्हणाल तर गैरसमज होईल, कारण मिलावट म्हणजे फसवणूक. ॲल्युमिनियममध्ये दुसरी धातू मिसळणे ही फसवणूक नव्हे, ती गरज आहे. शुद्ध ॲल्युमिनियम इतके मऊ असते की त्याची शिडी बनवाल तर ती वाकेल. त्यात मँगनीज, मॅग्नेशियम, सिलिकॉन, तांबे किंवा जस्त मिसळले की ते कणखर होते. काय मिसळले त्यावरून त्याचे घराणे ठरते. अमेरिकेत १९५४ साली चार आकड्यांची पद्धत सुरू झाली आणि ती आता जगभर चालते. १००० म्हणजे जवळपास शुद्ध, २००० म्हणजे तांब्याचे, ३००० मँगनीजचे, ४००० सिलिकॉनचे, ५००० मॅग्नेशियमचे, ६००० मॅग्नेशियम व सिलिकॉन एकत्र, ७००० जस्ताचे. पहिला आकडा कळला की निम्मे काम झाले.

आपल्याकडे घोटाळा असा की एकाच मालाला तीन नावे आहेत. मुंबईत गुलालवाडी, कीका स्ट्रीट, कुंभारवाडा या धातूबाजारात जुनी इंग्रजी नावेच चालतात. तेथे ६०६३ मागाल तर जुना दुकानदार त्यास एचई-९ म्हणेल. ६०६१ म्हणजे एचई-२०, ६०८२ म्हणजे एचई-३० आणि २०१४ म्हणजे एचई-१५. भारतीय मानकात याच मालाचे पाच आकडी नंबर आहेत. एचई-९ ला ६३४००, एचई-२० ला ६५०३२, एचई-३० ला ६४४३०, एचई-१५ ला २४३४५. वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने ही चार ओळींची यादी लिहून ठेवली तर पुष्कळ त्रास वाचेल. एचई-१५ आणि एचई-३० ऐकायला सख्खे भाऊ वाटतात. वेल्डिंगच्या बाबतीत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गोदामासाठी मी महामार्गावरील एका वर्कशॉपमधून चाकांची शिडी करून घेतली होती. वरच्या मांडणीवरील तागे काढण्यासाठी नोकरांना लागते तशी. कारागिराने पायऱ्यांचा बार हातात देऊन सांगितले, "शेठ, हा माल एकदम कडक आहे, लोखंडाला मागे सारेल." त्यात काही खोटे नव्हते. सहा-सात आठवडे शिडी चालली. मग एके दिवशी चौथ्या पायरीचा जोड सुटला आणि आमच्याकडील पोरगा खांद्यावरील ताग्यासकट खाली आला. मनगट मोडले, दीड महिना तो घरी बसला. तुटलेला जोड पाहिला तर वेल्डिंगचा मणी सुंदर होता, नाण्यांच्या चळतीसारखा एकसारखा. तडा मात्र त्या मण्याच्या कडेने दोऱ्यासारखा गेला होता आणि आतून काळपट पडला होता. म्हणजे तो त्या दिवशी पडलेला नव्हता, वेल्डिंग थंड होतानाच पडला होता. मी एक तुकडा तळोज्याच्या बाजूस एका प्रयोगशाळेत देऊन स्पेक्ट्रो करून घेतला. तांबे चार टक्क्यांहून अधिक निघाले. माल एचई-१५ होता. कुठल्या तरी मशीनशॉपचा उरलेला बार, स्वस्तात मिळालेला. कारागिराकडे बिल मागितले, त्यावर फक्त वजन होते. त्याला माल देणाऱ्याकडे विचारले, तो म्हणाला, "ॲल्युमिनियम मागितले, ॲल्युमिनियम दिले."

आता एचई-१५ सारखा कडक माल जोडला असता का तडकतो, हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर नियम पाठ होईल पण अक्कल येणार नाही. पाणी एका ठरावीक तापमानाला गोठते. शुद्ध ॲल्युमिनियमही ६६० अंशांना एकदम गोठते. संमिश्र मात्र हळूहळू गोठते. त्याचा बराचसा भाग दाणे बनून घट्ट होतो, तरी त्या दाण्यांच्या मधे पातळ रसाचा पापुद्रा शिल्लक राहतो. इकडे गोठताना ॲल्युमिनियम आकसते, घनफळाने सुमारे सहा टक्के. दोन्ही बाजूंचे पत्रे आपल्याकडे ओढतात आणि मधला पापुद्रा अजून ओलाच असतो. तो फाटतो. त्या फटीत भरायला पुरेसा रस उरला असेल तर फट बुजते, नसेल तर तडा कायम राहतो. म्हणून सगळा खेळ मिसळलेल्या धातूच्या प्रमाणाचा आहे. फार थोडे मिसळले असेल तर पापुद्राच नसतो. भरपूर असेल तर फट बुजवायला रस मिळतो. मधले प्रमाण सर्वांत वाईट. सिलिकॉनच्या बाबतीत ते अर्धा ते एक टक्क्याच्या आसपास येते, मॅग्नेशियमच्या बाबतीत एक ते दोन टक्के.

तांब्याच्या मालात गोठण्याचा हा काळ फार लांबतो आणि दाण्यांमधला पापुद्रा फार खालच्या तापमानापर्यंत ओला राहतो. म्हणून २०१४, २०२४ आणि जस्त-तांब्याचा ७०७५ हे तिन्ही आर्क वेल्डिंगला नालायक समजावेत. ताकदीत ते राजे आहेत. साध्या ६०६१ ला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३१ किलोचा ताण पेलतो, तर २०१४ ला ४९ आणि ७०७५ ला ५८. पण विमानाचे कारखाने हे माल वापरताना जोड रिव्हेटने करतात. ते वेल्डिंगच्या मागे लागत नाहीत. तांब्याच्या घराण्यात २२१९ हा एक अपवाद आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी इंधन-टाकी सुरुवातीची अनेक वर्षे त्याचीच, आणि वेल्डिंग केलेली होती. तो माल आपल्या रस्त्यावरच्या वर्कशॉपात येणार नाही, तेव्हा ते सोडून द्या. लेथवाल्यांचा लाडका २०११ हाही जोडू नये. तुकडा पटकन तुटावा म्हणून त्यात शिसे व बिस्मथ घातलेले असते आणि नेमके तेच जोडात घात करते.

रिव्हेटची लाज वाटण्याचे कारण नाही. आपली एसटी पाहा. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत महामंडळाने वर्षानुवर्षे ॲल्युमिनियम पत्र्याच्या गाड्या बांधल्या. २०१८ च्या सुमारास ते पोलादी बॉडीकडे वळले. त्या जुन्या लाल गाड्यांच्या अंगावर रिव्हेटच्या रांगा सर्वांनी पाहिल्या असतील. कोकणातल्या घाटात त्या गाड्यांनी काय सोसले ते मी सांगायला नको. जेथे मालाची खात्री नाही, तेथे रिव्हेट किंवा नट-बोल्ट हा हुशार माणसाचा जोड आहे.

मग वेल्डिंगसाठी घ्यावे तरी काय? पत्र्याचे काम असेल तर माझे मत ५००० घराण्याच्या बाजूने आहे. टेम्पोची बॉडी, पाण्याची टाकी, होडीच्या आतील खण, मासळीची पेटी, जेथे खारे पाणी आणि हादरे दोन्ही आहेत, तेथे ५०५२ किंवा त्याहून जाड व जड कामास ५०८३. याचे कारण ताकदीच्या हिशेबात आहे. ५०८३ चा कडक पत्रा सुमारे ३१ किलो पेलतो आणि वेल्डिंगनंतर जोडाजवळ २८ उरतात. हे नुकसान सोसण्यासारखे आहे. ६०६१ चा टी-६ माल मुळात तेवढाच, ३१ किलोचा, पण जोडल्यावर हिशेबात १७ धरावे लागतात. दारे-खिडक्यांचा ६०६३ टी-६ सुमारे २१ चा, तो १२ वर येतो. असे का होते? ५००० ची ताकद मुख्यतः विरघळलेल्या मॅग्नेशियमची असते, ती उष्णतेने पळून जात नाही. ६००० ची ताकद कारखान्यात भट्टीत शेकून आणलेली असते. जर्मनीत आल्फ्रेड विल्म याने १९०६ साली हे शेकून व मुरवून कडक करण्याचे रहस्य प्रथम शोधले. तुम्ही तेथे पुन्हा आर्क लावली की जोडाच्या दोन्ही बाजूंस सुमारे एक-एक इंच पट्ट्यात ती मुरवलेली ताकद बिघडते. मणी कितीही चांगला घाला, त्याच्या शेजारची पट्टी कमजोर झालेलीच असते. गुडघ्याला पट्टी बांधली म्हणून मांडीचे दुखणे जात नाही.

याचा सर्वांत मोठा धोका गॅलरीच्या रेलिंगला आहे, आणि आपल्या भागात इमारती वाढत असल्याने हे काम सर्वांत जास्त चालते. रेलिंगचा खांब खालच्या प्लेटवर उभा करून चारही बाजूंनी वेल्डिंग फिरवतात. माणूस वर टेकला की सर्व जोर खांबाच्या बुडाशी येतो. म्हणजे जेथे ताण सर्वांत जास्त, तेथेच आपण सेक्शन सर्वांत कमजोर केला. पाइप ६०६३ चा, त्यातही पातळ, म्हणजे खिडकीचा सेक्शन खांब म्हणून उभा केलेला. दिवाळीला मुले त्यावर चढणार आहेत, ईदला घरात पाहुणे भरणार आहेत. माझे स्पष्ट मत आहे की खांबासाठी ६०६१ किंवा ६०८२ चा जाड पाइप घ्यावा, हिशेब जोडलेल्या कमी ताकदीवर करावा आणि जमेल तेथे बुडाशी वेल्डिंग न करता जाड खुंटीवर पाइप चढवून बोल्टने आवळावा. गिऱ्हाईक म्हणेल, बोल्ट दिसतो, चांगले दिसत नाही. त्याला सांगा की बोल्ट दिसलेलाच बरा.

६००० मालात आणखी एक गोम आहे. त्यातील मॅग्नेशियम व सिलिकॉनचे प्रमाण नेमके त्या वाईट मधल्या जागी बसते. म्हणून तो नुसता वितळवून, तार न घालता जोडला तर बहुधा तडकतो. त्यात फिलर घालावाच लागतो, म्हणजे जोडातले प्रमाण वाईट जागेवरून पुढे सरकते. पुष्कळ मुले पातळ पत्र्यावर घाईत तार न लावता दोन टाके मारतात आणि पुढे जातात. तडा तेथूनच सुरू होतो.

तार दोनच प्रकारची बहुतेक दुकानांत मिळते. ४०४३, ज्यात पाच टक्के सिलिकॉन आहे, आणि ५३५६, ज्यात पाच टक्के मॅग्नेशियम आहे. ४०४३ सुरळीत वाहते, मणी चमकतो, तडकण्याची भीती कमी, म्हणून नव्या मुलांना ती आवडते. ५३५६ जरा कडक आणि जोड अधिक चिवट. ६०६३ व ६०६१ ला दोन्ही चालतात. पण रेलिंग नंतर ॲनोडायझिंगला जाणार असेल तर ४०४३ चा जोड काळपट राखाडी होऊन बाहेर येतो आणि गिऱ्हाईक माल परत करतो. तेथे ५३५६ च वापरा. ५०८३ ला ४०४३ कधीही लावू नये, सिलिकॉन व जास्तीचे मॅग्नेशियम एकत्र येऊन जोड ठिसूळ बनतो. त्यास ५१८३ किंवा ५३५६. उलट वस्तू सतत गरम राहणारी असेल, म्हणजे पासष्ट अंशांच्या वर, तर ५३५६ टाळावी, कारण जास्त मॅग्नेशियमचा माल बराच काळ उष्णतेत राहिला तर गंजून ताणाखाली तडकू शकतो. बेकरीच्या भट्टीवरचा हूड ३००३ च्या पत्र्याचा करावा आणि ४०४३ ने जोडावा. शादीच्या ॲल्युमिनियमच्या देगांना तडा गेला तर तेथेही बहुधा ४०४३ चालून जाते, मात्र देग आधी सोड्याने खरवडून धुवा. पन्नास पुलाव शिजलेले तूप तिच्या अंगात मुरलेले असते.

ओतीव मालाचे शास्त्र निराळे. भिवंडीच्या लूमवाल्यांना बीमच्या ॲल्युमिनियम फ्लँजची कटकट माहीत आहे. बीम आदळली की फ्लँजची कड तुटते. असा ओतीव माल बहुधा सिलिकॉनचा असतो. एलएम-६ मध्ये तर सुमारे बारा टक्के सिलिकॉन असते. ज्या सिलिकॉनमुळे अर्ध्या टक्क्याला तडा जातो, तेच बारा टक्क्यांना तडा जाऊ देत नाही. म्हणून या मालाचे वेल्डिंग सोपे, तार ४०४३ किंवा ४०४७. अडचण असते ती तेलाची. वर्षानुवर्षे लूमचे तेल त्या ओतकामाच्या छिद्रांत शिरलेले असते, आर्क लावताच बुडबुडे येतात. आधी चांगले धुऊन व शेकून घ्यावे लागते. शिवाय भंगारातून ओतलेल्या फ्लँजमध्ये काय काय पडले असेल ते ओतणाऱ्यालाही ठाऊक नसते.

बुडबुड्यांवरून पावसाळ्याचे आठवले. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली. वितळलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातील हायड्रोजन पिऊन घेते आणि गोठताना बाहेर टाकते. जोड आतून जाळीदार होतो. तारेचे रीळ उघडे ठेवू नका. पत्रा बाहेरून आत आणला की घाम सुटतो, तो पुसून व थोडा शेकून घ्या. लोखंडावर वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवू नका, स्टेनलेसचा वेगळा ठेवा. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांहून अधिक अंशांपर्यंत वितळत नाही, तो घासूनच काढावा लागतो. आणि क्लोरीनचे डिग्रीझर लावून लगेच आर्क पेटवू नका. त्यातून फॉस्जीन वायू बनतो, हा पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरला गेलेला वायू आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कारागिरास हे सगळे माहीत असले तरी त्याच्या हातातील बारवर नाव नसेल तर तो काय करणार? येथे जबाबदारी व्यापाऱ्याची आहे आणि मी व्यापारी म्हणूनच हे लिहितो. कारखान्यातून निघताना मालास टेस्ट सर्टिफिकेट असते. त्यात हीट नंबर, रासायनिक प्रमाण, ताकद, सर्व लिहिलेले असते. आपल्याच जिल्ह्यात तळोज्याला हिंडाल्कोचा पत्र्याचा कारखाना आहे, नागपूरला १९८९ पासून ॲल्युमिनियमचीच राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. म्हणजे ज्ञान कमी नाही आणि कागदही तयार होतो. तो कागद मोठ्या दुकानापर्यंत येतो आणि तेथेच फायलीत राहतो. पुढे कापून किलोवर विकताना नाव गळते. दोन हात पुढे गेले की एचई-१५ आणि एचई-३० एकाच कोपऱ्यात उभे असतात. माझे म्हणणे एवढेच की बिलाच्या ओळीत चार आकडे व टेंपर लिहायला शाई जास्त लागत नाही. "६०८२ टी-६ बार, ४० मिमी, १८ किलो." दुकानदार लिहीत नसेल तर मागा. तरीही लिहीत नसेल तर तो माल वेल्डिंगला घेऊ नका, रिव्हेटला घ्या.

काही व्यापारी बांधव म्हणतील की लिहून दिले तर उद्या जबाबदारी आमच्या गळ्यात येईल. येईलच. कापडावर पासष्ट-पस्तीस छापून मी नव्वद-दहा विकला तर माझ्याही गळ्यात येते. लिहिण्याने ती निर्माण होत नाही, ती आधीपासूनच असते. लिहिण्याने फक्त कोणाची ते ठरते. आज ती सर्वांत खालच्या माणसावर, म्हणजे आर्गनची तार हातात असलेल्या पोरावर येऊन पडते, कारण त्याचाच हात जोडाला लागलेला असतो.

भंगाराचे काय, असाही प्रश्न येईल. कुर्ल्याहून किंवा इकडच्या कबाड्याकडून माल घेणारे पुष्कळ आहेत आणि गरिबाला ते सोडता येणार नाही. चुंबक येथे काही कामाचा नाही. पण एक परीक्षा आमच्या कापडधंद्याच्या शेजारची आहे. सुतास चकाकी आणण्यासाठी मर्सराइझिंगमध्ये जो कॉस्टिक सोडा वापरतात, तो दहा भाग शंभर भाग पाण्यात हळूहळू सोडावा. पाणी सोड्यात ओतू नये, उसळते. बारचा एक भाग घासून चकचकीत करावा, त्यावर या पाण्याचा एक थेंब ठेवून पाच-सात मिनिटे थांबावे, मग धुवावे. डाग काळा पडला तर आत तांबे आहे, म्हणजे २००० किंवा ७०७५ चे घराणे, तो बाजूला टाका. पांढरा किंवा स्वच्छ राहिला तर १०००, ३०००, ५००० किंवा ६००० पैकी काही आहे. राखाडी-तपकिरी झाला तर सिलिकॉनचा ओतीव माल. चष्मा व हातमोजे घालून, उघड्या हवेत करा, आणि हे पाणी ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, भांडेच खाऊन टाकेल. या परीक्षेने ५००० आणि ६००० वेगळे ओळखू येत नाहीत. रेलिंग, शिडी, झुला यांसारख्या माणसाचा भार घेणाऱ्या कामाला एक तुकडा स्पेक्ट्रोला पाठवावा. एका लॉटसाठी एक तुकडा पुरतो आणि तो खर्च मनगट मोडल्याच्या खर्चापेक्षा कमी येतो, हा हिशेब माझ्या वहीत आहे.

आखातात जाणाऱ्या मुलांनी तर हे आताच शिकावे. बहरीनचा ॲल्युमिनियम कारखाना १९७१ पासून आणि दुबईचा १९७९ पासून चालू आहे, त्या बाजूस या धातूचे काम नेहमी असते. पण तेथे लोखंडाच्या वेल्डिंगचे कार्ड ॲल्युमिनियमला चालत नाही. त्याची परीक्षा वेगळी, आयएसओच्या ९६०६ मानकाचा दुसरा भाग किंवा अमेरिकन डी१.२. त्यातही मालाचे गट पाडलेले असतात. न शेकलेला माल, म्हणजे आपले ३००० व ५०००, बाविसाव्या गटात येतो आणि शेकलेला, म्हणजे ६०००, तेविसाव्या गटात. कोणता माल आणि कोणती तार वापरून परीक्षा दिली, ते सर्टिफिकेटवर लिहिले जाते आणि त्याबाहेर काम मिळत नाही. मुलाखत घेणारा मशीन दाखवण्याआधी तुकडा हातात देऊन "बेस मेटल काय आहे" असे विचारू शकतो. "ॲल्युमिनियम" एवढे उत्तर दिले तर तो पुढचा प्रश्न विचारत नाही.